भारोभार

मी उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा हौसाआत्या सोप्यात बसून गुळाच्या ढेपा धडप्यानं पुसत होती. एकीला एक लावून मांडलेल्या दहा ढेपा. तिनं मान वर केली, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि पुन्हा ढेप पुसायला लागली.

“आलीस व्हय,” ती म्हणाली. “का नुसती सावलीच धाडलीस?”

“सावली कुठली आत्या. एस्टीत अजून दोघींची जागा एकटीला लागते.”

खरं तर आता लागत नव्हती. तिला बरं वाटावं म्हणून मी तसं म्हटलं. पण मागून पिशव्या घेऊन आलेल्या आमच्या हणमंतरावांना कुठं गप्प बसायचं ते आयुष्यात कधी कळलं नाही.

“छे ओ आत्या, आता शेजारी मलापण बसाय मिळतं,” ते म्हणाले आणि एकटेच हसले.

“जावईबापू, चेष्टा करू नगा. माझ्या लेकराची हाडं वर आल्यात.”

माझ्या गळ्याखाली दोन हाडं दिसायला लागली होती हे खरं. आरशात बघताना मला त्यांचं फार कौतुक वाटे. चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच भेटलेली हाडं ती. आत्यानं ती पाहिली आणि पदर डोळ्याला लावला.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या टेकाईदेवीची जत्रा होती, आणि जत्रेत माझी गूळतुला व्हायची होती. एका पारड्यात नवसाचं माणूस बसवायचं, दुसऱ्यात त्याच्या भारोभार गूळ घालायचा आणि तो गूळ सगळ्या जत्रेला वाटायचा, अशी आमच्याकडची रीत. लोक हे काम पोराच्या जावळाबरोबर उरकून टाकतात. माझ्या बाबतीत ते इतकी वर्षं का राहिलं, हे मला त्या पारड्यात बसेपर्यंत ठाऊक नव्हतं.

माझा जन्म सातव्या महिन्यातला. आई मला जन्म देऊन गेली. मी म्हणे दोन ओंजळींत मावेन एवढी होते, आणि सुईणीनं मला कापसात गुंडाळून सुपात ठेवताना वडलांना सांगितलं होतं की आशा धरू नका. कृष्णाकाठी आमचं गाव, कराडपासून फार लांब नाही. पण त्या काळात दवाखाना गाठायचा तर पोरगं वाटेतच जायचं. हौसाआत्याला नवऱ्यानं टाकलं होतं आणि ती भावाच्या घरी येऊन राहिली होती. थंडीचे दिवस होते, आमचं गुऱ्हाळ चालू होतं. तिनं सूप उचललं आणि थेट गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी नेलं. वर काहिलीत उसाचा रस उकळतोय, खाली पाचट जळतंय, आणि त्या उबेत आत्या मला घेऊन बसलेली. शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून ती माझ्या ओठांवर पिळायची. गुऱ्हाळाचा हंगाम संपेपर्यंत तिनं ती जागा सोडली नाही. तिथंच ती टेकाईला बोलली, “ही जगू दे. अंगानं भरू दे. तुझ्या पायरीवर हिच्या भारोभार गूळ वाटीन.”

मी जगले. अंगानं भरण्याचं म्हणाल तर आत्यानं त्यात देवीवर फारसं काही सोपवलं नाही. सकाळी काकवी आणि भाकरी, दुपारी तूपभात, मधल्या वेळेला शेंगदाण्याची पोळी, आणि जाता येता गुळाचा खडा. दरवर्षी चैत्रात जत्रा आली की वडील विचारत, “हौसा, यंदा गूळतुला करून टाकूया का?” आत्या मला उभी करून निरखायची आणि म्हणायची, “अजून भरली न्हाई. फुडल्या सालाला बघू.” मी दहावीला होते तेव्हा वर्गातली सगळ्यांत जाड मुलगी होते. आत्याच्या हिशेबानं अजून भरली नव्हते. लग्नात वडलांनी पुन्हा विषय काढला, तर म्हणाली, “सासरी जाऊन आंग धरू दे.” सासरी मी असं अंग धरलं की हणमंतरावांच्या स्कूटरवर मागं बसले की ते पुढचं चाक जमिनीला टेकलंय ना ते वाकून बघत. वडील गेले, गुऱ्हाळ दुसऱ्यानं चालवायला घेतलं. आत्या एकटीच त्या घरात राहिली आणि गूळतुला काही झाली नाही.

आमच्या जेवणाची एक गंमत होती. जेवण संपत आलं की आत्या आपल्या ताटातला भाकरीचा शेवटचा तुकडा गूळतुपात कुस्करायची, त्याचा घास वळायची आणि माझ्या तोंडात घालायची. “ह्यो माझ्या हातचा. आता भरलं.” या घासाशिवाय माझं जेवण संपतच नसे. लग्नानंतर सासरी कित्येक दिवस मी ताटावरून उठायची विसरून बसून राहायचे. सासूबाईंना वाटायचं, सून हावरी आहे. मी घासाची वाट बघत असायचे.

मी अंगणवाडी सेविका. महिन्यातून एकदा वस्तीवरची पोरं काट्याला टांगून त्यांची वजनं घ्यायची हे माझं काम. “वजन डोळ्यानं कळत नाही गं बायांनो, काट्यावर कळतं,” असं मी आयांना वर्षानुवर्षं सांगत आले आणि स्वतः काट्याकडे पाठ करून उभी राहिले. एके दिवशी पोरांबरोबर जमिनीवर बसले होते ती उठताच येईना. गुडघ्यांनी साफ नकार दिला. पोरांना तो खेळ वाटला, त्यांनी “जोर लगाके” करत मला ओढून उभं केलं. सगळी खिदळत होती, मीही हसले. घरी येऊन मात्र मोरीत बसून रडले.

कराडच्या पाटणकर डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखर उंबऱ्यावर येऊन उभी आहे म्हणाल्या, अजून आत आली नाही.

“मी उपास वाढवते,” मी म्हटलं. “सोमवार, गुरुवार आहेतच. शनिवार पण धरते.”

“सोमवारी काय खाता?”

“काही नाही. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, एखादं रताळं...”

“एकादशी अन् दुप्पट खाशी,” बाई म्हणाल्या. “आधी उपास बंद करा. उपासानं उतरलेलं पारण्याला परत चढतं. जन्मभर जमेल तेवढंच बदलायचं, आणि एका वेळी एकच. ते अंगवळणी पडलं की दुसरं.”

मला ते फारच किरकोळ वाटलं. एवढ्या मोठ्या देहाला एवढासा उपाय. पण मी चहातली साखर सोडली. ती सवयीची झाल्यावर स्कूटर सोडली आणि वरच्या वस्तीवरच्या अंगणवाडीत चालत जाऊ लागले. मग भाकरी एक कमी केली आणि भाजीची वाटी मोठी केली. स्वयंपाक करताना पातेल्यातलं चाखणं बंद केलं. ते सगळ्यांत अवघड गेलं, कारण माझं निम्मं जेवण तिथंच होत होतं. मग रात्रीचं जेवण दिवेलागणीच्या आत. सुरुवातीला काटा ढिम्म हलेना. हणमंतराव म्हणाले, काटाच बिघडला असेल. मग एके दिवशी जुनी बांगडी मनगटावरून आपसूक खाली आली, आणि त्यानंतर वजन उतरत राहिलं, हळूहळू, आमच्या गावच्या एस्टीसारखं, पण उतरत राहिलं.

त्या दिवाळीला मी माहेरी गेले. जेवण संपत आलं. आत्यानं घास वळला आणि माझ्या तोंडापाशी आणला.

“आत्या, पोट भरलं,” मी म्हटलं. “खरंच भरलं.”

तिचा हात तसाच राहिला. मग तिनं तो घास ताटाच्या कडेला ठेवला, उठली आणि हात धुतला. त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर जेवायला बसली नाही. मला वाढायची, समोर बसून बघायची आणि माझं झाल्यावर चुलीपाशी एकटी जेवायची. मी माहेरी गेले की दर वेळी आधीपेक्षा बारीक झालेली असायचे आणि ती दर वेळी माझ्या कपाळाला टेकाईचा अंगारा लावायची. आजारी माणसाला लावतात तसा.

मला दोन गोष्टी हव्या होत्या आणि त्या एका ताटात मावत नव्हत्या. उतरलेलं वजन उतरलेलंच राहायला हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की उतरवणं सोपं, राखणं अवघड. एकदा जुन्या वाटेला लागलात की व्याजासकट परत येईल. आणि आत्या माझ्याशेजारी जेवायला बसायला हवी होती. तिच्यासारखं भरवणारं दुसरं कुणी मला नव्हतं. आम्हांला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे मी कुणाला भरवावं असंही घरात कुणी नव्हतं.

आणि मग त्या चैत्रात तिचा निरोप आला. यंदा गूळतुला करायची, उशीर नको.

आम्ही पोचलो त्या संध्याकाळी ऊन भिंतीवर असतानाच मी हणमंतरावांबरोबर जेवायला बसले.

“कोंबड्यांसंगं जेवाया लागलीस,” आत्या वाढत म्हणाली.

“तूही बस ना. तिघं मिळून जेवू.”

“तुमचं हुंदे.”

“आत्या, किती दिवस असं चालायचं? मी तुझ्या घासाला नाही म्हटलं नव्हतं. मला खरंच पुरे झालं होतं.”

तिनं भाकरीचं टोपलं झाकलं. “शालन, तुला येक इचारू? खरं सांगशील?”

“विचार.”

“तुला काय झालंय? डाक्तरनं काय सांगितलंय ते माझ्यापास्नं लपवू नगंस.”

“काही नाही झालं. मला बरं वाटतंय. गुडघे दुखत नाहीत. टेकाईच्या सगळ्या पायऱ्या न थांबता चढेन उद्या.”

“मग आंग का उतरतंय?”

“मी उतरवलं. माझ्या हातानं.”

“आपल्या हातानं आपलं आंग कुनी उतरवतं व्हय?” तिनं भाजीचं पातेलं पुढं ओढलं. “देवीनं दिलं हुतं. तिचं देनं म्या दिलं न्हाई, आता ती आपलं माघारी न्याया लागलीया. म्हनून म्हनते, समदं न्यायच्या आत फेडून टाकू.”

हणमंतरावांनी तोंड उघडलं, आणि कधी नव्हे ते मिटलं. मी ज्याला यश समजत होते ते तिला माझं मरण वाटत होतं, आणि दोन्हीकडे माझंच वजन होतं. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण ती माझ्या ताटात भाजी वाढत होती, मग मी जेवत राहिले.

सकाळी ढेपा टेंपोतून टेकाच्या पायथ्याशी नेल्या आणि गावातल्या गड्यांनी खांद्यावरून वर पोचवल्या. आत्याला मी हात धरून चढवलं. ती दर दहा-बारा पायऱ्यांवर दम खात होती. तिचं मनगट माझ्या मुठीत आलं तेव्हा कळलं की ते किती बारीक झालंय. मी माझ्याच बारीक होण्याच्या नादात होते. ती माझ्याही आधीपासून झिजत होती, ते मला दिसलंच नव्हतं.

देवळापुढच्या मंडपात दगडी कमानीला तुला टांगलेली आहे. सागवानी दांडी, साखळ्या आणि दोन मोठी फळ्यांची पारडी. तात्या गुरव तिथं उभे होते. त्यांनी हळदकुंकू लावलं आणि रीत सांगितली, ती गावात सगळ्यांना पाठ होती.

“पारड्यात पडलेलं देवीचं. कमी पडलं तर वर घाला, पर घातलेलं उतरवायचं न्हाई. दांडी सारखी झाल्याबिगर गूळ फोडायचा न्हाई. हौसाबाई, आदी लेकीला बसवा, मग येक येक ढेप चढवा.”

सगळे तसंच करतात. ढेप ढेप करत चढवायचं म्हणजे चूक होत नाही. पण आत्यानं मान हलवली.

“आदी गूळ. माझ्या लेकीचा भार मला ठावं हाय.”

“अवो, पर...”

“चुलवाणापाशी म्या वाढवलीया तिला. दहा ढेपा लागत्यात.”

“आत्या, थांब,” मी म्हटलं. “आधी मला बसू दे.”

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गड्यांना हात केला. एक, दोन, तीन. प्रत्येक ढेपेला ती हात लावून “टेकाई, ही तुजी” म्हणत होती. माझी म्हणून तिनं जी बाई मनात धरली होती ती दोन वर्षांपूर्वीची होती. तिला वाटत असावं, गूळ त्या बाईचा चढवला की देवी तीच बाई परत करील. दहावी ढेप चढली आणि पारडं फरशीला टेकलं.

मग मी दुसऱ्या पारड्यात मांडी घालून बसले. साखळ्या कुरकुरल्या. गुळाचं पारडं जागचं हललं नाही. मी वर हवेत, गूळ खाली जमिनीवर.

मागून एक बाई हसली, तिच्यामागे आणखी दोघी-तिघी. कुणीतरी म्हणालं, गूळ पोरीपरीस दांडगा निघाला. मला त्याचं काही वाटलं नाही. जन्मभर मी जाडी म्हणून हसू झेललं होतं, आता बारीक म्हणून झेललं. पण आत्या मटकन खाली बसली.

“बघा,” ती म्हणाली, “नेली की देवीनं. अर्धी नेली.”

हणमंतराव पुढं झाले. “तात्या, हिच्या पारड्यात एखादा दगड ठेवूया?”

“देवीला फसवताय व्हय, पावनं? नवस मानसाचा हाय, दगडाचा न्हाई.”

“मग दोन-चार ढेपा उतरवा.”

“उतरवायचं न्हाई. सांगितलं की.”

“मग आता?”

तात्यांनी पागोटं मागं सारून डोकं खाजवलं. “लेकुरवाळी असती तर लेकरू मांडीवर घिऊन बसाय चालतं. आईचं आन् लेकराचं येकच धरत्यात. पर हिला...” आणि ते थांबले. मंडपातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्यामुळे सगळेच इकडंतिकडं बघायला लागले.

मी आत्याकडे पाहिलं. ती फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एवढीशी. नऊवारीच्या गुंडाळीत तिचं अंग कुठं होतं तेच कळत नव्हतं.

“आत्या, इकडं ये,” मी म्हटलं.

“म्या कशाला?”

“माझ्या मांडीवर बस.”

“येडी का खुळी? म्या काय तुजं लेकरू हाय?”

“तात्या, चालेल का?”

तात्यांनी टेकाईच्या गाभाऱ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. “हौसाबाई, नवस कुनी बोलला?”

“म्याच की.”

“आन् लेक कुनी वाढवली?”

आत्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मग बसा,” तात्या म्हणाले. “देवी काय म्हनंल ते माझ्यावर.”

हणमंतरावांनी तिला दोन्ही हातांनी उचललं. ती “अवो, अवो जावईबापू” म्हणत राहिली आणि तोवर त्यांनी तिला माझ्या मांडीवर ठेवलंसुद्धा. दोन वर्षांपूर्वी मला मांडीच नव्हती. पोटानंच सगळी जागा व्यापलेली असायची. अंगणवाडीतलं पोरगंसुद्धा बसवलं तर घसरायचं. आता तिथं आत्या बसली आणि पुरली. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागलं. धुराचा आणि गुळाचा वास आला, तो तिच्या अंगाचाच होता. मी तिला दोन्ही हातांनी धरलं.

साखळ्या पुन्हा कुरकुरल्या. आमचं पारडं सावकाश खाली यायला लागलं आणि समोर दहा ढेपा फरशी सोडून उचलल्या. पारडी जराशी झुलली. गूळ अजून किंचित खाली होता. तात्यांनी देवीपुढचा नारळ आणून आत्याच्या ओंजळीत दिला, आणि दांडी सारखी झाली.

“टेकाईच्या नावानं,” तात्यांनी आवाज दिला, आणि सगळी जत्रा “चांगभलं” म्हणाली.

जेवढी मी कमी झाले होते, तेवढी माझी आत्या होती. एका नारळाचा काय तो फरक.

पारडं झुलत असताना ती माझ्या कानाशी बोलायला लागली. गलका एवढा होता की ते मला एकटीलाच ऐकू आलं.

“शालन, म्या नवस मुद्दाम ठिवला हुता.”

“म्हणजे?”

“भरली न्हाई, भरली न्हाई म्हनत हुते, ती लबाडी हुती. तू पाच वर्साची असतानाच भरली हुतीस. पर म्हटलं, ज्याचं आपल्याकडं येनं असतंय त्यो आपल्याला जपतोय. टेकाईचं येनं ऱ्हाऊ द्यावं. ते हाय तवर ती तुला मरू द्याची न्हाई.”

माझ्या सगळ्या जन्माची राखण तिनं अशी करून ठेवली होती. देवीला कर्जदार करून नव्हे, स्वतः देवीची कर्जदार राहून.

“आज फिटलं,” ती म्हणाली. “आता तुला कोन जपनार गं?”

“मी जपते की, आत्या,” मी म्हटलं. “दोन वर्षं तेच तर करतेय. रोज.”

तिचा हात माझ्या गळ्याशी आला, आणि तिनं बोटांनी ती दोन हाडं चाचपून पाहिली, सावकाश, एकदा डावं, एकदा उजवं. मग म्हणाली, “बळकट हाईत.”

खाली उतरल्यावर ढेप फोडली. पहिला खडा नवसाच्या माणसाचा. आत्यानं तो उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि परत ढेपेवर ठेवला. मग नखानं टोकरून बोराएवढा गूळ काढला आणि माझ्या ओठांपाशी आणला.

“एवढा चालंल?” तिनं विचारलं.

जन्मात पहिल्यांदा तिनं मला असं विचारलं होतं. मी तोंड उघडलं. गूळ खाताना मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

त्या संध्याकाळी, ऊन भिंतीवर असताना, आत्या माझ्याशेजारी ताट घेऊन बसली. शेवटचा घास तिनं वळला, पण चिमणीचा असावा तेवढा. पुढं मी माहेरी जायचे तेव्हा रोज तसाच वळायची, आणि वर म्हणायची, “डाक्तरीनबाईला सांगू नगंस.” हे सुख मला दोन दिवाळ्या मिळालं. तिसरीच्या आधी ती गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास न देता.

त्यानंतरच्या वर्षात वजन परत चढायला लागलं. खोटं कशाला सांगू. चालणं चालू होतं, बिनसाखरेचा चहा चालू होता, पण जेवण संपलं तरी मी ताटावरून उठेना. अजून एक भाकरी, त्यावर गूळतूप, आणखी एक तुकडा. मी तो घास शोधत होते. स्वतःच्या हातानं कुस्करून, वळून पाहायचे. चव तीच, पण तो तो नसायचा, म्हणून दुसरा वळायचे. बांगडी पुन्हा मनगटात घट्ट बसली. एके दिवशी हणमंतराव समोर बसून बघत होते. ते एवढंच म्हणाले, “शालन, तो तुझ्या हातचा नव्हता.”

दुसऱ्या दिवसापासून मी एक नवी सवय लावून घेतली, डॉक्टरीणबाईंनी न सांगितलेली. ताटातला शेवटचा घास मी खात नाही. तो वळते आणि कडेला ठेवते. मग तो चिमण्यांना जातो.

याला आता पंधरा वर्षं होतील. वजन आहे तिथंच आहे. साखर अजून उंबऱ्याबाहेर उभी आहे. वस्तीवरच्या बायका विचारतात, बाई, तुमचं परत कसं चढलं नाही? मी त्यांना चालणं सांगते, भाजीची वाटी सांगते, दिवेलागणीच्या आतलं जेवण सांगते. ते सगळं खरंच आहे. बाकीचं मी सांगत नाही. मी रोज ताटावरून एका घासाची भूक घेऊन उठते. पोटात तेवढी जागा आत्याची आहे, आणि ती दुसऱ्या कशानं भरायची नाही.